वहिनींचा पालक, माझी मेथी



यंदाची थंडी सरत आली. आता महिनाभरात मेथीला फुलं येऊन ती कडू होईल आणि पालकाची पानं जाड होतील, म्हणून हा विषय आत्ताच घेते. बिट्टन मार्केटच्या हाटात अजून हिरवे ढीग लागताहेत. पालक, मेथी, बथुआ, हिरवा लसूण, मुळ्याचा पाला. आपण ‘जुडी’ म्हणायचं आणि भाजीवाल्याने ‘गड्डी’ ऐकायचं, हे इतक्या वर्षांत दोघांच्याही अंगवळणी पडलं आहे. त्या हाटात मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘काकू, पालक घेऊ की मेथी? जास्त पौष्टिक काय?’ गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाले तरी लोक वर्ग भरवतातच.

यंदा मात्र हा प्रश्न आमच्याच घरात आला, आणि जरा गंभीर होऊन आला.

माझी पुतणी सव्वीस वर्षांची. कोलार रोडला आईवडिलांजवळ राहते आणि घरी बसून बंगळूरच्या कंपनीचं काम करते. दिवाळीत आमच्याकडे आली तेव्हा दोन जिने चढून धापा टाकत होती. “काही नाही गं आत्या, झोप झाली नाही,” म्हणाली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया समजतात. ९.४ म्हणजे ‘जरासं कमी आहे’ म्हणून सोडून द्यायचा आकडा नव्हे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत मळमळ सुरू झाली, पोट जड झालं आणि मुलीने गोळ्यांची पट्टी खणात टाकली.

मग सूत्रं वहिनींनी हातात घेतली. रोज सकाळी मिक्सरमधून काढलेला मोठा ग्लासभर कच्च्या पालकाचा रस आणि तो तोंडाला राहतो म्हणून लगेच वर आल्याचा कडक चहा. सहा आठवडे हा कार्यक्रम नेमाने चालला. पुन्हा रक्त तपासलं तर ९.२.

“अहो वन्सं, पालकात रक्तच असतं हो! मग उतरलं कसं?” वहिनी अगदी रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचा राग पालकावर होता, माझा चहावर आणि खणातल्या पट्टीवर. पण खरं सांगायचं तर थोडा राग मला स्वतःचाही आला. कारण ‘पालकात रक्त असतं’ हे वहिनींसारख्या कितीतरी जणींच्या डोक्यात घालणाऱ्यांत मीही होते.

त्याचं असं झालं. आपल्याकडे कुठल्या अन्नात काय आहे हे मोजून ठेवायचं काम राष्ट्रीय पोषण संस्था करते. ही संस्था आता हैदराबादला आहे, पण तिची सुरुवात १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीच्या प्रयोगशाळेत झाली. तिच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दिलेलं असे आणि मेथीत १६.५. मी शिकले तेव्हा हेच आकडे पाठ केले आणि शिकवायला लागल्यावर हेच फळ्यावर लिहिले. १९८९ मध्ये संस्थेने तक्ते सुधारले. त्यावर काम करणाऱ्या तिघांत वाय. जी. देवस्थळे हे एक नाव आहे, आणि आपलं आडनाव बघून मला उगीचच बरं वाटलं होतं. त्या सुधारित तक्त्यात पालकाचं लोह १.१४ वर आलं आणि मेथीचं १.९३ वर. दहाच्या जागी एक! मुलींनी विचारलं, “मॅडम, मग आधीचं लोह गेलं कुठे?” कुठेही गेलं नव्हतं. पालेभाजी जमिनीलगत वाढते, पानाला माती चिकटते, मातीत लोह असतं आणि ते मोजणीत शिरतं. पद्धती सुधारल्या, आकडे उतरले. पण क्रमिक पुस्तकं, गाइडं आणि दवाखान्यांतले तक्ते यांत जुनेच आकडे पुढे कितीतरी वर्षं राहिले, आणि आज मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतही तेच असतात.

२०१७ साली त्याच संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचं नवं कोष्टक छापलं. आज विश्वास ठेवायचा तर त्यावर. त्यात पालकाला २.९५ मिलिग्रॅम आणि मेथीला ५.६९ मिलिग्रॅम लोह आहे.

तीन पुस्तकं, तीन निरनिराळे आकडे. पुतणी म्हणाली, “आत्या, मग तुमच्या शास्त्रावर भरवसा कसा ठेवायचा?” प्रश्न रास्त आहे. पाला कुठल्या जमिनीतला, कुठल्या ऋतूतला, किती कोवळा, यावर आकडा हलतोच. माळव्याच्या काळ्या मातीतली मेथी आणि मुंबईत वाळूत उगवलेली बोटभर समुद्रमेथी यांचा आकडा एक कसा येईल? पण तिला मी तिन्ही जोड्या एकाखाली एक लिहून दाखवल्या. १०.९ आणि १६.५, १.१४ आणि १.९३, २.९५ आणि ५.६९. आकडा काहीही असो, तिन्ही वेळा मेथी पुढे आहे, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, दीडपट ते जवळजवळ दुप्पट.

नव्या कोष्टकातलं बाकीचंही सांगून टाकते. कॅल्शियम १०० ग्रॅम मेथीत सुमारे २७४ मिलिग्रॅम, पालकात ८२. क जीवनसत्त्व मेथीत ५८, पालकात ३०. प्रथिनं मेथीत साडेतीन ग्रॅमच्या वर, पालकात दोनच्या आसपास. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते बीटा कॅरोटिनही मेथीत पालकाच्या तिप्पट. म्हणजे आपण जिला ‘कडू आहे’ म्हणून ताटात बाजूला सारतो, तिने लाडक्या पालकाला जवळपास प्रत्येक विषयात मागे टाकलं आहे.

एका विषयात मात्र पालक पहिला, आणि तो विषय रक्ताशीच निगडित आहे. तो म्हणजे फोलेट. पालकात सुमारे १४२ मायक्रोग्रॅम, मेथीत ७५. या फोलेटची गोष्ट आपल्या मुंबईत घडली, म्हणून जरा थांबून सांगते.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी भयंकर ॲनिमिया व्हायचा, कित्येकींचा जीव जायचा, आणि कारण कळत नव्हतं. बाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग केले, बायका काय खातात ते बघितलं, माकडांना तसंच खायला घालून बघितलं. शेवटी एका माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं, पण त्या अर्कात नेमकं काय आहे ते त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून पुढे लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत शास्त्रज्ञांनी तसलाच एक पदार्थ वेगळा काढला तो चार टन पालकातून, आणि लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून त्याला नाव दिलं फोलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर मुलीला पहिल्या महिन्यांत जी गोळी देतात ती हीच. पालकात रक्त असतं असं म्हणायचंच असेल तर ते या अर्थाने म्हणावं.

पण हे फोलेट नाजूक असतं. पाण्यात उतरतं आणि उष्णतेने जातं. पालक-पनीरसाठी पालक भरपूर पाण्यात उकळून, पाणी ओतून देऊन, पानं पिळून घेणाऱ्यांनी (आमच्या घरातही एक आहेत, नाव सांगत नाही) निम्मं फोलेट मोरीत घातलं असं समजावं. त्यापेक्षा आपली ताकातली पालकाची पातळ भाजी चांगली. चणाडाळ आणि शेंगदाणे शिजवून घ्यायचे, चिरलेला पालक त्यांतच घालायचा, त्याचं पाणी त्यातच राहतं. मेथीला मीठ चोळून, पिळून तिचा कडूपणा काढणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. पिळायचीच असेल तर ते हिरवं पाणी पराठ्याच्या कणकेत घाला.

आता वहिनींच्या ग्लासाकडे येते.

पालकात ऑक्झलेट फार असतं. पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीत थर आल्यासारखा वाटतो ना, तो त्याचाच. हे ऑक्झलेट पालकातल्या कॅल्शियमला घट्ट धरून बसतं. दुधातलं कॅल्शियम साधारण पाव भागाच्या वर अंगी लागतं, पालकातलं जेमतेम विसावा भाग. म्हणजे ते ८२ मिलिग्रॅम कागदावरचेच. मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने बरंच कमी, त्यामुळे तिचं कॅल्शियम कागदावरून पोटात उतरण्याची शक्यता जास्त. शिवाय ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे, आणि भोपाळच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणारे असे पुष्कळ आहेत, त्यांनी कच्च्या पालकाचे रस अजिबात पिऊ नयेत. महिनोन्‌महिने असले हिरवे रस पिऊन मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. अशा लोकांसाठी वरचा नियम उलटा होतो. त्यांनी पालक खायचाच तर उकळून, पाणी फेकून आणि दही किंवा पनीर यांच्या जोडीने खावा. कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला पकडतं, ते रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जात नाही. ‘पालक आणि पनीर एकत्र म्हणजे विष’ असा निरोप तुम्हालाही आला असेल. विष वगैरे काही नाही. पनीरच्या कॅल्शियममुळे त्या जेवणातलं लोह थोडं कमी शोषलं जातं, इतकंच. रक्त कमी असलेल्या मुलीने पालक-पनीरवर भिस्त ठेवू नये, मूतखडेवाल्या काकांनी खुशाल खावं.

आणि चहा! पालेभाजीतलं लोह मुळात हट्टी असतं. मांसातल्या लोहासारखं ते सहज आत शिरत नाही, शंभरातले पाच-दहा भागच अंगी लागतात. त्यात जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा प्यायला तर त्यातलंही निम्म्याहून जास्त अडतं. वहिनी एका हाताने देत होत्या आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होत्या. याच्या बरोबर उलट काम क जीवनसत्त्व करतं. पानावर लिंबू पिळलं, जेवणात आवळ्याचं लोणचं किंवा किसलेला आवळा असला, शेवटी एखादा पेरू, ज्याला इथे जाम म्हणतात, खाल्ला तर तेच लोह दुप्पट-तिप्पट शोषलं जातं. लिंबू गॅसवर नाही, पानात पिळायचं. लोखंडी कढईत केलेली भाजी जरा काळपट होते, पण थोडं लोह कढईचंही मिळतं. चहा सोडा असं मी भोपाळकरांना सांगणार नाही, माझं कोण ऐकणार? जेवणाच्या आधी-नंतर एक-दीड तास सोडून प्या.

एवढं सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, “बरं, मग उद्यापासून मेथीचा रस देते.”

इथे मी कागद-पेन्सिल मागवली. सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेत मोठ्यांना जी गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं लोह पालकातून घ्यायचं म्हटलं तर दोन किलो पालक लागतो. मेथीतून घ्यायचं तर एक किलोच्या वर, आणि तीही निवडलेली. मी त्याच दिवशी अर्धा किलो मेथी आणली होती. देठं, मुळं, पिवळी पानं काढून वजन केलं तर २६० ग्रॅम भरली. म्हणजे बाजारातून रोज दोन किलो मेथी आणायची, निवडायची, आणि एकट्या मुलीने ती संपवायची! पुतणीने हिशेब बघितला, उठली आणि खणातून पट्टी घेऊन आली.

ही गंमत वाटेल, पण मला यातच सारं दिसतं. रोजची गरज भागवायला भाजी उपयोगी आहे. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरतात. शंभर ग्रॅम मेथी त्यातला पाचवा भाग देते, पालक दहावा, उरलेलं बाजरी, डाळी, हरभरे, तीळ, अळीव यांतून यायचं. पण एकदा खड्डा पडला की तो भाजीने बुजत नाही. आपण एकटे आहोत असंही समजू नका. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. महाराष्ट्रातही ५४.२ टक्के. दर दोघींत एक. आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस जणी आल्या तर त्यांतल्या वीस. सुशिक्षित, खात्यापित्या घरातल्या मुलींना होत नाही हा आपला एक गैरसमज. पाळीला जास्त रक्त जातं आणि कोणाला सांगत नाहीत, सकाळी न खाता लॅपटॉपसमोर बसतात, वजन वाढेल म्हणून जेवण अर्धं करतात. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही असते, आणि ते ना पालकात असतं ना मेथीत. म्हणून रक्त का कमी झालं हे डॉक्टरांना शोधू द्यावं.

पुतणीच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरायचं नाही, हेही सांगितलं. (हे आधी सांगायला हवं असतं. अर्ध्या मुली त्याला घाबरूनच गोळ्या सोडतात.) पाळीच्या तक्रारीची तपासणी झाली, तिचे उपचार निराळे चालू आहेत. वहिनींनी रस बंद करून आठवड्यातून तीनदा मेथी, एकदा पालक असा बेत धरला. लसणीची फोडणी देऊन, मूगडाळ घालून परतलेली मेथी, बाजरीची भाकरी आणि पानात लिंबाची फोड. तेलाच्या फोडणीला नावं ठेवू नका बरं का, पानातलं बीटा कॅरोटिन अंगी लागायला थोडं तेल लागतंच. कोवळे देठही घ्या. आणि पाच मिनिटांत घरपोच येणारी निवडलेली मेथी आणलीत तरी धुवा, तीन पाण्यांतून धुवा. माती जाईल. नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या पालेभाजीच्या पानात जे शिरतं ते मात्र धुऊन जात नाही, म्हणून भाजीवाला ओळखीचा ठेवा आणि भाजी कुठल्या गावची आहे हे विचारत जा. कोणी रागावत नाही. माझ्या भाजीवालीने तर उलट मलाच सुनावलं, “दीदी, पालक-मेथी ही पूछती रहती हो, बथुआ कब ले जाओगी?”

परवा पुतणीचा तिसरा रिपोर्ट आला. ११.३. अजून बारा नाही, गोळ्या आणखी काही महिने चालू राहणार आहेत, साठा भरून निघेपर्यंत. पण जिने चढून आली ती थेट स्वयंपाकघरात, धाप न लागता. वहिनींनी सोसायटीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की हा सारा मेथीचा प्रताप. गोळीचा उल्लेख नाही. मी काही बोलणार होते, पण पुतणीने डोळ्यांनी खुणावलं, म्हणून पेढा खाल्ला.

बथुआ, म्हणजे आपला चाकवत, पुढच्या अंकात. तोवर तुमच्याकडे मेथीचा कडूपणा न पिळता कमी करायची काही युक्ती असेल तर जरूर कळवा.